‘मग बाकीचे कुठं गेले?’ : होलोकॉस्टच्या मालिका-चित्रपटांतली कुटुंबं

पीएचडीचा विषय सांगितला की आमच्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, “मग नोकरी कुठं लागणार?” आणि दुसरा, “हा विषय तुला कुठून सुचला?” माझा विषय आहे होलोकॉस्टवरचे कौटुंबिक चित्रपट आणि मालिका. म्हणजे ज्यांत एखादं ज्यू कुटुंब मध्यभागी असतं आणि त्या कुटुंबाच्या नजरेतून नाझींनी केलेला संहार आपल्याला दाखवला जातो. सिनॉप्सिस मांडताना मला तिसराही प्रश्न आला : “सोलापूरचा आणि याचा संबंध काय?” त्या वेळी मी “मानवतेचा प्रश्न आहे, सर” असं काहीतरी गुळमुळीत बोलले. उत्तर नव्हतंच माझ्याकडे. आता थोडंफार आहे. ते या लेखाच्या शेवटी सांगते, कारण त्याआधी बरंच काही समजून घ्यावं लागेल.

सुरुवात आजीपासून करते. घरात मी ‘द पियानिस्ट’ (२००२) बघत होते, अभ्यासासाठी, वही-पेन घेऊन. आजी शेजारी शेंगा निवडत बसली होती. भाषा कळत नव्हती, पण चित्र कळत होतं. वॉर्सामध्ये एका मोकळ्या चौकात शेकडो माणसं उन्हात बसलीत. आगगाडी यायची आहे. एक मुलगा गोळ्या विकतोय, अव्वाच्या सव्वा भावात. स्पिलमन कुटुंबातले सगळे जण खिशातले पैसे गोळा करून एकच गोळी घेतात. वडील चाकूनं तिचे सहा तुकडे करतात. आई, वडील, दोन बहिणी, दोन भाऊ. प्रत्येकाला एक तुकडा.

आजीनं शेंगा बाजूला ठेवल्या. पुढं गाडी येते, सगळे डब्यात कोंबले जातात, आणि व्लाडिस्लाव या पियानो वाजवणाऱ्या मुलाला एक ओळखीचा पोलिस रांगेतून बाहेर ओढतो. तो वाचतो. त्यानंतरचा सगळा सिनेमा त्याचा एकट्याचा आहे. लपणं, उपास, आजारपण, शेवटी सुटका. शेवटच्या पाट्यांमध्ये त्याचं पुढं काय झालं ते येतं, त्याला मदत करणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याचं काय झालं तेही येतं.

पाट्या संपल्या आणि आजी म्हणाली, “मग बाकीचे कुठं गेले?”

मी सांगितलं, त्रेब्लिंका नावाच्या छावणीत नेऊन मारलं. आजी म्हणाली, “मग ते दाखवलं का नाही?”

माझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न हाच आहे. फरक एवढाच की तो मांडायला मला दोन वर्षं लागली.

आधी थोडक्यात इतिहास

होलोकॉस्ट म्हणजे १९३३ ते १९४५ या काळात नाझी जर्मनीनं आणि तिच्या साथीदारांनी केलेला युरोपातल्या ज्यूंचा छळ आणि संहार. सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. युरोपातल्या दर तीन ज्यूंपैकी साधारण दोन. हिब्रूत याला ‘शोआ’ म्हणतात. रोमा लोक, अपंग, सोव्हिएत युद्धकैदी, पोलिश नागरिक असे इतरही लाखो लोक नाझींनी मारले. पण ज्यूंच्या बाबतीत अख्खा समाजच, तान्ह्या पोरांसकट, संपवायचं ठरलं होतं.

आपल्याकडे यावर वाचन नाही असं नाही. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांत होतं, आमच्याही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मराठी वाचकाला हा इतिहास बहुधा हिटलरकडून कळतो. तो कसा वर आला, त्यानं भाषणं कशी केली, लढाया कुठं जिंकला, कुठं हरला. स्टँडजवळच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. मारणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ, मरणाऱ्यांपैकी मात्र फार तर एक नाव : अ‍ॅन फ्रँक.

कुटुंबाची मालिका नेमकं हे उलटवते. ती कॅमेरा भाषणाच्या मंचावरून उचलून जेवणाच्या टेबलावर आणते. म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. आणि तिच्यात खोटही आहे, म्हणून ती अभ्यासायला हवी.

एक घर, सगळा इतिहास

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली मालिका म्हणजे ‘होलोकॉस्ट’. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर एप्रिल १९७८ मध्ये चार रात्री दाखवली गेली. लेखक जेराल्ड ग्रीन, दिग्दर्शक मार्विन चॉम्स्की. तेव्हा फारशा प्रसिद्ध नसलेल्या मेरिल स्ट्रीप हिची त्यात मोठी भूमिका होती.

सुरुवात १९३५ मधल्या बर्लिनमध्ये, एका लग्नानं होते. डॉ. जोसेफ वाइस यांचा थोरला मुलगा कार्ल चित्रकार आहे. त्याचं इंगा या ख्रिस्ती मुलीशी लग्न लागतंय. घरात पियानो आहे, आई बेर्टा तो वाजवते. धाकटा रूडी फुटबॉलवेडा. सगळ्यात लहान अ‍ॅना. आता पुढचं बघा :

वडील मूळचे पोलंडचे, म्हणून १९३८ मध्ये त्यांना हद्दपार केलं जातं आणि ते वॉर्साच्या घेटोत पोचतात. कार्ल आधी बुखेनवाल्डच्या छळछावणीत, मग तेरेझिनला, शेवटी आउश्वित्झला. अ‍ॅनावर अत्याचार होतो, तिची वाचा जाते, आणि मनोरुग्ण म्हणून तिला हादामारच्या संस्थेत नेऊन विषारी वायूनं मारतात. रूडी पळून जातो, युक्रेनमध्ये बाबी यारचं हत्याकांड लांबून पाहतो, जंगलातल्या बंडखोरांत सामील होतो, आणि सोबिबोरच्या छावणीतल्या उठावातही असतो. काका मोझेस वॉर्साच्या घेटोतल्या उठावात असतात. आईवडिलांचा शेवट आउश्वित्झमध्ये होतो.

लक्षात आलं ना, काय केलंय? पाठ्यपुस्तकातला एकेक धडा घरातल्या एकेका माणसाला वाटून दिलाय. मी माझ्या टिपणांत याला ‘वाटणी’ म्हणते. खऱ्या आयुष्यात एकाच कुटुंबातली माणसं नेमकी इतक्या प्रसिद्ध जागी असणं जवळपास अशक्य. पण प्रेक्षकाच्या दृष्टीनं हे फार सोयीचं. त्याला छावण्यांची नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत. अ‍ॅना लक्षात राहिली की हादामार आपोआप लक्षात राहतं.

आपल्याला ही युक्ती नवी नाही. आपल्या मालिकांतही मोठा भाऊ म्हणजे कर्तव्य, धाकटा म्हणजे बंड, बहीण म्हणजे घरची अब्रू अशी वाटणी असतेच. म्हणूनच आजीला भाषा न कळता गोष्ट कळते.

कायदा घरात कसा शिरतो

कुटुंबाची गोष्ट एक काम इतिहासाच्या पुस्तकापेक्षा चांगलं करते. संहार एका दिवसात सुरू झाला नाही, तो हुकुमाहुकुमानं आला, हे ती दाखवू शकते.

काही हुकूम बघा. १९३५ : ज्यूंचं नागरिकत्व काढलं, ज्यू आणि ‘आर्य’ जर्मन यांच्या लग्नावर बंदी. १९३८ : ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द. त्याच वर्षी प्रत्येक ज्यू पुरुषाच्या नावात ‘इस्रायल’ आणि बाईच्या नावात ‘सारा’ घालायची सक्ती. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनाघरं फोडली-जाळली, आणि लगेच ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढलं. १९३९ : घरातले रेडिओ जमा करा. १९४१ : कपड्यांवर पिवळी चांदणी. १९४२ : घरात कुत्रा-मांजर पाळायचं नाही.

यादी म्हणून हे वाचलं तर आपण पुढं सरकतो. पण रेडिओ जमा करायला निघालेला बाप पडद्यावर दिसला की कळतं, आज या घरातून आवाज गेला. घर लहान होत जातं. बंगल्यातून फ्लॅटमध्ये, फ्लॅटमधून चार कुटुंबांच्या एका खोलीत, तिथून फळ्यांच्या बाकावर. वस्तू कमी होत जातात. आधी पियानो, मग चांदीचे चमचे, शेवटी एक गोळी आणि तिचे सहा तुकडे.

आणि प्रत्येक टप्प्यावर घरात वाद होतो, जायचं की थांबायचं? ‘होलोकॉस्ट’मधली बेर्टा म्हणते की हा आपला देश आहे, हे दिवस जातील. आज आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून तिचा राग येतो. पण त्या खुर्चीत बसून बघा. दवाखाना इथं, म्हातारे आईवडील इथं, पोरांची भाषा इथली. आणि जायचं म्हटलं तरी व्हिसा कोण देणार? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियां या गावी ३२ देशांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांचा विचार करायला जमले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दरवाजे जवळपास कुणीच उघडले नाहीत. “मग पळून का नाही गेले?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

टीव्हीवरच्या मालिकेनं खरंच काही बदलतं?

बदलतं. पण नेमकं काय, ते जपून सांगायला हवं.

‘होलोकॉस्ट’ पश्चिम जर्मनीत जानेवारी १९७९ मध्ये दाखवली गेली. त्याआधी काही दिवस तिकडच्या नवनाझींनी दोन ठिकाणी टीव्हीच्या प्रक्षेपण यंत्रणेवर बॉम्ब टाकले. तरीही सुमारे दोन कोटी लोकांनी मालिकेचा किमान एक तरी भाग पाहिला. प्रत्येक भागानंतर इतिहासकारांची चर्चा ठेवली होती आणि प्रेक्षकांना फोन करता येत होता. हजारो फोन आले. काही शिव्या देणारे, बरेच रडणारे, आणि कित्येक तरुण मुलांचे. घरी आईबाप या विषयावर कधी बोललेच नाहीत, असं सांगणारे.

त्याच वर्षी जुलैमध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेनं खुनाच्या गुन्ह्याला असलेली कालमर्यादा २५५ विरुद्ध २२२ मतांनी काढून टाकली. ती राहिली असती तर नाझी खुन्यांवर नवे खटले भरणं बंद झालं असतं. हे सगळं मालिकेमुळं झालं, असं म्हणणं चूक ठरेल. तो वाद १९६० च्या दशकापासून चालू होता. पण मतदानाआधी काही महिने कोट्यवधी लोकांनी वाइस कुटुंब पाहिलं होतं, एवढं नक्की. ‘होलोकॉस्ट’ हा शब्दसुद्धा जर्मन घराघरांत गेला तो याच मालिकेमुळं.

टीकाही तेवढीच जोरदार झाली. आउश्वित्झमधून वाचलेले लेखक एली वीझेल यांनी मालिकेवर हा विषय उथळ केल्याचा आरोप केला. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लांझमान यांनी नंतर ‘शोआ’ (१९८५) हा नऊ तासांहून मोठा माहितीपट केला. त्यात एकही नाट्यप्रसंग नाही, जुन्या काळचं चित्रीकरणही नाही. फक्त वाचलेल्यांच्या, बघ्यांच्या आणि मारणाऱ्यांच्या मुलाखती, आणि आता गवत उगवलेल्या त्या जागा. त्यांची भूमिका थोडक्यात अशी, की गॅस चेंबरमधला प्रसंग नटांकडून करवून घेता येत नाही, कारण तिथून सांगायला कुणी परत आलेलंच नाही.

हे टोकाचं वाटेल. पण २०२३ मध्ये आलेला आपलाच ‘बवाल’ आठवा. नवरा-बायकोतला दुरावा मिटवायला त्यात गॅस चेंबरचा कल्पित प्रसंग वापरलाय. परदेशातल्या ज्यू संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला. माझ्या वर्गातल्या काहींना तो आक्षेप अति वाटला. मला विचाराल तर प्रश्न भावना दुखावण्याचा नव्हताच. साठ लाख माणसांचं मरण दोघांच्या संसाराची उपमा म्हणून वापरलं, हा होता.

वाचलेल्यांचा हिशोब

आता परत आजीच्या प्रश्नाकडे.

२०२४ मध्ये ‘वी वेअर द लकी वन्स’ ही आठ भागांची मालिका आली. पोलंडमधल्या राडोम गावचं कुर्क कुटुंब. आईवडील आणि पाच मुलं. युद्धात सगळे पांगतात. कुणी सैबेरियात, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी वॉर्सात खोट्या नावानं. आणि शेवटी सगळे जिवंत सापडतात. हे खरं कुटुंब आहे. त्यांच्या नातीनं, जॉर्जिया हंटर हिनं, त्यावर कादंबरी लिहिली होती. मी शेवटचा भाग पाहताना रडले, खोटं कशाला सांगू.

पण हिशोब मांडा. युद्धाआधी राडोममध्ये ३० हजारांच्या वर ज्यू होते. वाचले ३०० हूनही कमी. म्हणजे शंभरात एखादा. आपण ज्या कुटुंबाची गोष्ट पाहतो, ती त्या एका टक्क्यातली. मालिकेच्या नावातच ते कबूल केलंय, ‘आम्ही नशीबवान होतो’. तरीही आठ तास पाहिल्यावर मनात उरतं ते असं, की धीर धरला, एकमेकांवर प्रेम केलं, तर माणसं वाचतात. मग मेलेल्यांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं का?

यात कुणाची लबाडी नाही. गोष्ट सांगायला सांगणारा लागतो. जो वाचला त्याच्याकडे आठवण असते, नातवंडं असतात, नातवंडं पुस्तक लिहितात, पुस्तकावर मालिका होते. जे कुटुंब अख्खं संपलं, त्याच्यापाशी यातलं काहीच नाही.

त्रेब्लिंकाचं उदाहरण घ्या, जिथं स्पिलमन कुटुंबातले पाच जण गेले. तिथं सुमारे नऊ लाख माणसं मारली गेली. ऑगस्ट १९४३ मध्ये तिथल्या कैद्यांनी उठाव केला, काही पळाले. पण युद्ध संपेपर्यंत टिकून साक्ष द्यायला उरलेले शंभरही नव्हते. पुढं नाझींनी छावणी पाडली, जमीन नांगरली आणि तिथं शेतकऱ्याचं घर बांधलं. आउश्वित्झ आपण पडद्यावर सतत पाहतो, कारण ती मजूर-छावणीही होती आणि तिथून हजारो जण जिवंत बाहेर आले. त्रेब्लिंका फार कमी दिसतं. तिथं गेलेली माणसं बहुधा गाडीतून उतरल्यावर काही तासांतच मारली जात.

म्हणून आजीला द्यायचं उत्तर असं : बाकीचे दाखवले नाहीत, कारण ते कसे गेले हे पाहून सांगायला कुणी उरलंच नाही. पडद्यावरचं कुटुंब हा नियम नाही, तो अपवाद आहे.

अ‍ॅन फ्रँकचीही तीच गत. लपून राहिलेल्या आठ जणांपैकी फक्त तिचे वडील ओटो परतले, म्हणून डायरी छापली गेली. १९५९ चा हॉलिवूडचा चित्रपट अटकेपाशी थांबतो. पुढचा बर्गेन-बेल्झनपर्यंतचा प्रवास बघायला २००१ ची ‘अ‍ॅन फ्रँक : द होल स्टोरी’ ही मालिका बघावी लागते. त्या छावणीच्या वेळी डायरी नव्हती. तो भाग तिच्याबरोबर तिथं असलेल्या बायकांच्या आठवणींवरून उभा राहतो.

आणि आता, सोलापूरचा संबंध काय?

हा प्रश्न मी विसरलेले नाही. पण आधी एक गैरसमज काढते. बरेच जण मला सांगतात, “अगं, कोल्हापूरजवळ ज्यूंची छावणी होती की!” वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती, सुमारे पाच हजार लोकांची. पण ते बहुतेक कॅथलिक होते, आणि त्यांना घराबाहेर काढलं होतं ते सोव्हिएत सत्तेनं. सैबेरिया आणि मध्य आशियातून, इराणमार्गे ते इथं आले. ती वेगळी आणि तितकीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. आपल्याकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायलही या संहारापासून लांब, सुरक्षित राहिले.

माझं उत्तर आहे आकाशवाणी.

सकाळी केंद्र सुरू होताना वाजते ती धून आठवा. मागं तंबोऱ्यासारखा सूर, वर व्हायोलिन. आमच्या घरी आजोबा रेडिओ लावायचे तेव्हा त्या धुनीवर आम्ही उठायचो. सोलापूर केंद्र असो की मुंबई, धून तीच. ती बांधण्याचं श्रेय वॉल्टर काउफमान यांना दिलं जातं. १९०७ मध्ये कार्ल्सबाडला जन्मलेले, प्राहात शिकलेले ज्यू संगीतकार. नाझी सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये ते मुंबईत आले, पुढं १९४६ पर्यंत मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. त्यांचे मित्र, लेखक विली हास, हेही प्राहाचे ज्यू. नाझी प्राहात शिरले आणि हास १९३९ मध्ये मुंबईत पोचले. दोघांनी मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी काम केलं. त्याच वेळी, त्याच शहरात, बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’ (१९३६) दिग्दर्शित करणारे फ्रान्झ ऑस्टेन हे नाझी पक्षाचे सभासद होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांनी इथल्या जर्मन पुरुषांना धरलं आणि आमच्या शेजारच्या अहमदनगरच्या छावणीत नेलं. ऑस्टेनना अटक झाली. पण हिटलरपासून पळून आलेले जर्मन ज्यूही पासपोर्टमुळं ‘शत्रू’ ठरले आणि काही काळ नाझींबरोबर एकाच कुंपणात राहिले. मुंबईतल्या ज्यूंनी १९३४ मध्ये काढलेली ज्यूईश रिलीफ असोसिएशन त्यांच्या सुटकेसाठी झटत होती.

आता काउफमान यांच्या घराकडे येऊ. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची भाची. म्हणजे काफ्काची बहीण एली हिची मुलगी. काफ्का १९२४ मध्येच क्षयानं गेला होता. त्याला तीन बहिणी होत्या. एली आणि वाली यांना ऑक्टोबर १९४१ मध्ये प्राहाहून लोड्झच्या घेटोत पाठवलं. तिथून त्या परतल्या नाहीत. धाकटी ओट्ला तेरेझिनला होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिथून लहान मुलांची एक तुकडी पाठवली जात होती, त्यांच्यासोबत जायला ती आपणहून तयार झाली. ती गाडी आउश्वित्झला गेली. तिघी बहिणी गेल्या.

जावई मुंबईत आकाशवाणीवर वाद्यवृंद चालवत होता आणि सासू लोड्झच्या घेटोत होती. युद्धकाळात रेडक्रॉसमार्फत घरच्यांना निरोप पाठवता यायचा, २५ शब्दांचा. परदेशी निघून गेलेल्या असंख्य ज्यूंना युद्धाची बातमी अशीच कळत गेली. आधी पत्रं, मग २५ शब्द, मग काहीच नाही. या ‘काहीच नाही’चा प्रसंग कसा लिहायचा? कॅमेरा कुठं ठेवायचा? लोड्झला ठेवावा तर काय घडलं ते सांगणारं कुणी नाही. मुंबईत ठेवावा तर एक माणूस टपालाची वाट बघतोय, एवढंच दिसणार. त्याची चार भागांची मालिका होत नाही. पण माझं म्हणणं असं की होलोकॉस्टमधली बहुसंख्य कुटुंबं याच जातीची आहेत.

सोलापूरला हे समजायला जड जाऊ नये. आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये चित्रपट केला. चीनमध्ये त्यांच्या सेवेत गेलेली माणसं, तिथले जखमी, तिथली गावं आपल्याला त्या एका सोलापूरकरामुळं माहीत झाली. ज्यांना कोटणीस भेटले नाहीत, त्या गावांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पडदा असाच काम करतो. एकाला उजेड देतो, आणि त्या उजेडामुळंच बाकीचा अंधार जास्त गडद होतो.

मग या मालिका बघायच्या की नाही?

बघा. जरूर बघा. फक्त बघताना तीन गोष्टी स्वतःला विचारा.

एक : हे कुटुंब खरं की रचलेलं? रचलेलं असेल तर कुणाच्या वाट्याला कुठली घटना दिलीय? वाईट म्हणून नाही, कसं रचलंय ते कळावं म्हणून.

दोन : घरातल्या कुठल्या वस्तू, कुठल्या सवयी एकेक करून जातायत? खरा इतिहास बहुतेक वेळा तिथं असतो, गोळीबारात नाही.

तीन : हा आजीचा प्रश्न. गोष्ट संपल्यावर विचारायचं, बाकीचे कुठं गेले? शेजारचं घर, शाळेतली मैत्रीण, रांगेत मागं उभी असलेली बाई. त्यांची नावं कुणी विचारली का?

सिनॉप्सिसच्या वेळी ज्या सरांनी संबंध विचारला होता, त्यांना मी मध्यंतरी भेटले आणि आकाशवाणीच्या धुनीची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “रोज ऐकत होतो की ती.”

मीही रोज ऐकत होते. एली हेर्मान हे नाव मात्र मला पीएचडीला बसेपर्यंत माहीत नव्हतं.